वरच्या भागाचा संघ

मुलींचा संघ बाहेरगावी न्यायचा तर सोबत एक बाई हवी, असा नियम होता. आमच्या हायस्कूलमध्ये लग्न न झालेली आणि घरी कुणी वाट बघत नाही अशी बाई मी एकटीच. त्यामुळे गणित शिकवणारी मी अकरा वर्षं फुटबॉलच्या संघाबरोबर फिरले. मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. पहिल्या वर्षी मी खेळाच्या सरांना विचारलं, "आपली बाजू कुठली?"

"चेंडू जिकडे असेल तिकडे, बाई," ते म्हणाले. "म्हणजे कायम आपल्याच गोलसमोर."

या सरांना सगळे शिट्टी सर म्हणत. शिट्टी त्यांच्या गळ्यात स्टाफ मीटिंगलाही असायची. ठेंगणे, पायांना किंचित बाक, आवाज कायमचा बसलेला. मैदानाला लागून खडी क्रशर होता. दिवसभर दगड भरडला जायचा, आणि त्या घरघरीवर ओरडून ओरडून सरांचा घसा गेला होता. धूळ मैदानावर पिठासारखी बसायची. सरावाआधी मुली ओळीनं उभ्या राहून या टोकापासून त्या टोकापर्यंत खडे वेचत जायच्या. रोज वेचले तरी रोज नवे निघायचे.

आमच्या राज्याचे दोन भाग. खाली सपाटी, बंदर, शहरं, कारखाने. वर खडकाळ पठार, खाणी आणि आम्ही. खालच्या मुली सहाव्या वर्षापासून क्लबात जायच्या, हिरवळीवर खेळायच्या, त्यांच्या गोलकीपरला वेगळा प्रशिक्षक असायचा. आमची गोलकीपर उंच होती आणि नाही म्हणायला लाजली, एवढ्यावर निवडलेली. खालच्या शाळा एकमेकींपासून तासाभराच्या अंतरात. त्या वर्षाला चाळीस सामने खेळून राज्य स्पर्धेला यायच्या. आमच्याकडे एका शाळेपासून दुसरीपर्यंत चाळीस किलोमीटर घाट. आमचे सामने सहा, त्यातले दोन गाडी न मिळाल्यानं रद्द.

स्पर्धेत सोळा संघ असायचे. चौदा खालचे, दोन वरचे. नऊ तास गाडीत आदळत जायचं, पहिल्याच सामन्यात शून्य विरुद्ध नऊ, शून्य विरुद्ध बारा असं हरायचं आणि नऊ तास परत. आमच्याशी गाठ पडली की खालच्या मुली आपल्या राखीव खेळाडू उतरवायच्या. एकदा पाण्याच्या नळाशी मी त्यांच्यातल्या एकीला मैत्रिणीला सांगताना ऐकलं, "उद्या आराम आहे गं, वरच्यांशी आहे." तिच्या बोलण्यात कुचकेपणा नव्हता, म्हणून ते जास्तच लागलं. स्पर्धेत भाग घेणं महत्त्वाचं, असं आमचे मुख्याध्यापक दर वर्षी म्हणत. भाग कितीही घेतला तरी बाकी शून्यच उरायची.

शिट्टी सर मात्र प्रत्येक वेळी जिंकायलाच जायचे. हरल्यावर मुलींना एका शब्दानं बोलायचे नाहीत. गाडीत पुढे बसायचे आणि घाट संपेपर्यंत काचेतून बाहेर बघत राहायचे.

त्याचं कारण मला त्यांच्या ताईनं सांगितलं. अठरा वर्षांचे असताना ते खाली एका मोठ्या क्लबात निवड चाचणीला गेले होते. महिनाभर राहायचं ठरलं होतं. तिसऱ्या दिवशी पिशवी घेऊन परत आले. तिथल्या प्रशिक्षकानं तीन दिवसांत त्यांना एकदाही नावानं हाक मारली नव्हती. "ए वरच्या, चेंडू आण. ए वरच्या, बाजूला हो."

"जेवला नाही दोन दिवस," ताई म्हणाल्या. "मग एकदम उठून म्हणतो, यांना आपण यांच्याच मैदानावर हरवायचं. म्हटलं, हरव बाबा, पण आधी जेव."

ताई हॉस्पिटलच्या धुलाई विभागात होत्या. चादरी, गाऊन, पडदे. हातांची कातडी पाण्यानं कायम पांढरी पडलेली. नवरा खाणीत दगडाखाली गेला तेव्हा मुलगी चार वर्षांची होती. माझ्यासारखंच शिट्टी सरांनीही लग्न केलं नाही. बहीण आणि भाची हाच त्यांचा संसार. शाळा सुटली की सर भाचीला मैदानावर घेऊन जायचे. तिला भिंगरी हे नाव तिथेच पडलं. चेंडू पायाशी आला की ती स्वतःभोवती एक गिरकी घ्यायची, आणि समोरची मुलगी होती तिथेच उभी राहायची. फुटबॉल न कळणाऱ्या मलाही ते कळायचं.

नववीत असताना भिंगरीनं राज्य स्पर्धेत गोल केला. आम्ही एक विरुद्ध आठ असे हरलो, पण तो एक गोल चार जणींना मागे टाकून झाला होता. खालच्यांच्या प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. सामना संपल्यावर निळ्या टोपीतली एक बाई आमच्याकडे आली. ती जिंकलेल्या शाळेची प्रशिक्षक होती.

"ही मुलगी आम्हाला द्या," ती सरळ म्हणाली.

"द्यायला ती काय चेंडू आहे?" सर हसत म्हणाले.

"मी थट्टा करत नाहीये सर. ही इथे राहिली तर दोन वर्षांत राज्याकडून खेळेल. तुमच्याकडे काय होईल, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. मी शाळेतर्फे रीतसर पत्र पाठवते."

पत्र आलं. क्लार्क रजेवर होता म्हणून शाळेचं टपाल मी फोडत होते. त्यात वसतिगृह, जेवण, फी, बूट सगळं होतं. खेळाडूंसाठी स्वतंत्र डॉक्टर आहे, हेही होतं. पालकांची सही हवी होती. मी ते सरांच्या हातात दिलं. त्यांनी उभ्यानं वाचलं, घडी घातली आणि खेळाच्या खोलीतल्या टेबलाच्या खणात ठेवलं.

आठ दिवसांनी मी विचारलं, "ताईंना दाखवलंत?"

"दाखवतो."

महिन्यानं पुन्हा विचारलं. तेव्हा ते जाळ्याला पडलेली भोकं दोरीनं शिवत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "एक वर्ष, बाई. एकच. ही गेली की अशी मुलगी पुन्हा दहा वर्षं इथे उगवायची नाही. दर वेळी हेच होतं. आपल्याकडे जरा बरं काही निघालं की खालचे उचलून नेतात, आणि मग आपल्यालाच म्हणतात, तुमच्यात दम नाही. एकदा आपल्या जर्सीत एक सामना जिंकू दे. मग मी स्वतः तिला नेऊन पोचवतो."

"तिला विचारलंत का?"

"ती पोर आहे. तिला काय कळतंय?"

मी पुढे बोलले नाही. ताईंचं घर माझ्या वाटेवर होतं. रोज त्यांच्या दारावरून मी घरी जायची. पण मलाही खालच्यांना एकदा हरलेलं बघायचं होतं. सगळं खापर सरांवर फोडून मला मोकळं होता येणार नाही.

ते वर्ष वेगळंच गेलं. सरांनी मुलींना शाळेच्या मुलांविरुद्ध खेळवलं, खाणकामगारांच्या संघाविरुद्ध खेळवलं. सकाळी साडेपाचला त्यांची शिट्टी ऐकून गल्लीतले लोक शिव्या घालत उठायचे. क्रशरच्या मालकाच्या मागे लागून त्यांनी रोलर आणवला आणि मैदान सपाट करून घेतलं. वरच्या भागातल्या सगळ्या शाळांना आमच्या मुलींनी लोळवलं. लोक सरावाला येऊन उभे राहायला लागले. भिंगरी दहावीला होती, आणि माझ्या तासाला वहीच्या मागच्या पानावर बाण आणि गोळे काढत बसायची. मी ओरडायची नाही.

राज्य स्पर्धेला एकोणीस दिवस राहिले होते. दुपारचा सराव चालू होता. मी मैदानाकडच्या वर्गात पेपर तपासत होते. आधी क्रशर चालू असतानाही ऐकू येईल अशी एक किंकाळी आली, आणि मग शिट्टी सरांचा आवाज, "कुणी हात लावू नका! हात लावू नका तिला!"

रोलरनं वरची माती दाबली होती, दगड काढले नव्हते. गिरकी घेताना भिंगरीचा पाय एका रुतलेल्या दगडाच्या कडेला अडकला. अंग फिरलं, गुडघा फिरला नाही.

आम्ही तिला क्रशरच्या जीपमधून हॉस्पिटलमध्ये नेलं, जिथे तिची आई चादरी धूत होती. हाडांचा डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचा, आणि तो आदल्या दिवशी येऊन गेला होता. ड्यूटीवरच्या डॉक्टरनं एक्स-रे काढला. हाड मोडलेलं नाही म्हणाला, प्लास्टर घातलं आणि सहा आठवडे विश्रांती सांगितली. आम्हाला बरंच वाटलं. हाड मोडलेलं नाही म्हणजे काय मोठंसं, असं आम्ही सगळेच म्हणत होतो.

संघ तिच्याशिवाय गेला. मध्यंतराला शून्य-शून्य होतं. खालच्या मुलींची तोंडं उतरली होती. त्यांनी राखीव मुली बसवून खऱ्या खेळाडू उतरवल्या. शेवटी आम्ही शून्य विरुद्ध तीन हरलो. आमच्या शाळेचा तो तोवरचा सर्वांत चांगला निकाल. परतीच्या वाटेवर सर गाडीत पुढे बसले नाहीत. कुणाला तोंड दिसू नये म्हणून मागच्या बाकावर जाऊन बसले.

प्लास्टर काढलं तेव्हा भिंगरीचा पाय काठीसारखा बारीक झाला होता. उभी राहिली की गुडघा बाजूला सरकायचा. महिना तेल लावण्यात गेला, महिना शेकण्यात. खालच्या मोठ्या हॉस्पिटलात नंबर लागेपर्यंत साडेचार महिने झाले होते. तिथल्या डॉक्टरनं गुडघा हातानं हलवून पाहिला आणि विचारलं, "इतके दिवस काय करत होतात?" लिगामेंट तुटलं होतं, आणि तसंच चालत राहिल्यानं आतली कुर्चाही झिजली होती. ऑपरेशन करू, म्हणाला. ती चालेल, पण धावण्याचं विसरा.

ती परत आल्यावर मी संध्याकाळी तिच्या घरी गणित शिकवायला जायला लागले, कारण दहावीची परीक्षा बुडली होती. एका संध्याकाळी आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो होतो. ताई बटाटे सोलत होत्या. शिट्टी सर आले, पायातले बूटही न काढता आत आले, आणि त्यांनी खिशातून ते पत्र काढून टेबलावर ठेवलं.

"हे काय?" ताई म्हणाल्या.

"वाच."

ताईंनी हात पुसले. त्या वाचायला सावकाश होत्या. ओठ हलवत वाचायच्या. डॉक्टरच्या ओळीपाशी त्यांचे ओठ थांबले, हे मला दिसलं. भिंगरीनं हात पुढे करून पत्र घेतलं. तिनं मजकूर वाचलाच नाही. वरच्या कोपऱ्यात बघितलं.

"मामा, ही तारीख बरोबर आहे?"

"हो."

"म्हणजे मी पडले त्याच्या आधी अकरा महिने."

भिंगरीनं कुबडी घेतली आणि ती आतल्या खोलीत गेली. दार लावलं, पण आपटलं नाही.

"मला वाटलं, एक वर्ष…" सर म्हणाले.

"तू तिसऱ्या दिवशी परत आलास ना," ताई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "तेव्हा मी तुला काही बोलले नाही. म्हटलं, अपमान झालाय, पचू दे. सव्वीस वर्षं झाली, तुझा अजून पचला नाही. आणि तू तो माझ्या पोरीच्या पायाला बांधलास."

"ताई…"

"ऊठ. या घरात परत येऊ नकोस."

ते उठून गेले. मीही निघाले, तर ताई माझ्याकडे वळल्या. "बाई, टपाल तेव्हा तुमच्याकडे होतं ना?"

मी हो म्हटलं. त्यांनी उरलेला बटाटा सोलायला घेतला. मग म्हणाल्या, "उद्या सहाला या. तिचे अपूर्णांक कच्चे आहेत." मला त्यांनी येऊ दिलं, ते मुलगी पास व्हावी म्हणून. त्यानंतर मला त्या घरात कधी पाण्याचा पेलाही विचारला गेला नाही, आणि ते बरोबरच होतं.

पुढच्या वर्षी राज्य स्पर्धेत मी एका खालच्या मुलीच्या गुडघ्यावर लांब व्रण पाहिला. कधी झालं, म्हणून विचारलं. "मागच्या वर्षी. तुमच्या त्या छान खेळणाऱ्या मुलीसारखंच," ती म्हणाली. "चौथ्या दिवशी ऑपरेशन झालं. नऊ महिन्यांत परत खेळायला लागले. ती कुठे आहे?" मी सांगितलं, ती या वर्षी आली नाही.

त्या वर्षापासून सरांनी एक वेगळंच काम आरंभलं. चांगली मुलगी दिसली की स्वतःच खाली पत्र लिहायचे. आईबापांच्या घरी जाऊन बसायचे, सह्या घ्यायचे, आणि मुलीची ट्रंक स्वतः उचलून तिला नऊ तासांच्या प्रवासानं तिथे पोचवून यायचे. सात वर्षांत नऊ मुली. सगळ्यांचं सोनं झालं नाही. पाच जणी तिथे राखीवच राहिल्या, शिकल्या आणि तिकडेच कामाला लागल्या. एक चौथ्या आठवड्यात रडत परत आली. सर तिला घ्यायला बसस्टँडवर गेले, ट्रंक उचलली आणि काही न विचारता घरी सोडून आले. एक गरोदर राहून परत आली. तिच्या बापानं शाळेत येऊन सरांची कॉलर धरली. दोघी मात्र खरंच मोठ्या खेळाडू झाल्या.

इकडे आमचा संघ धुळीला मिळाला. शून्य विरुद्ध दहा, शून्य विरुद्ध चौदा. मुख्याध्यापक भर मीटिंगमध्ये म्हणाले, "कुंपणच शेत खायला लागलं तर दाद कुणाकडे मागायची?" सर ऐकून घ्यायचे. चौदा गोलांच्या सामन्यानंतर मी त्यांना म्हटलं, "सर, एखादी तरी ठेवा ना. उरलेल्यांचं काय? त्यांनी नुसता मार खायचा?"

"ते मला कळत नाही, बाई," ते म्हणाले. "ठेवलं तरी पाप, पाठवलं तरी पाप. पाठवल्यावर निदान डॉक्टर असतो."

शेवटच्या वर्षी आमची गाठ निळ्या टोपीवालीच्या शाळेशी पडली. त्यांच्या संघात आम्ही पाठवलेल्या दोघी होत्या. त्यातली एक आमच्या गोलकीपरची सख्खी मोठी बहीण. पहिला गोल तिनंच केला. केला आणि तोंडावर हात घेऊन उभी राहिली. त्यानंतर चेंडू आला की ती मुद्दाम मागे द्यायला लागली. शिट्टी सर कडेला आले आणि त्या बसलेल्या आवाजात ओरडले, "काय करतेस? धाव! थांबायला पाठवलं का तुला? मार!" आमच्या मुली वळून त्यांच्याकडे बघायला लागल्या. मुलीनं आणखी तीन गोल केले, रडत रडत. आम्ही शून्य विरुद्ध अकरा हरलो. आमची गोलकीपर गाडीत माझ्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाली, "बाई, सर कुणाचे?"

त्याच वर्षी स्पर्धा भरवणाऱ्या संघटनेची सभा झाली. वरच्या संघांमुळे स्पर्धा एकतर्फी होते, असा ठराव मांडला गेला. आकडे त्यांच्याकडे होतेच. आमच्या दोन्ही जागा काढून खालच्या शाळांना दिल्या. शिट्टी सरांनी दोन पानी अर्ज केला. त्याची पोच आली, उत्तर आलं नाही. जायलाच कुठे नाही म्हटल्यावर शाळेनं मुलींचा संघ बंद केला, आणि क्रशरनं मैदानावर खडीचे ढीग टाकायला सुरुवात केली. सरांनी विरोध केला नाही. तोवर त्यांच्यात चार पावलं भरभर चालण्याचाही दम उरला नव्हता. तीस वर्षं ती धूळ आत गेली होती.

भिंगरी आज चौतीस वर्षांची आहे. खाणीच्या वजनकाट्यावर खिडकीत बसून ट्रकचे नंबर लिहिते. पाय लांब ठेवता यावा म्हणून खुर्चीसमोर एक खोकं आहे. तिथले ट्रकवाले तिला टरकून असतात, कारण तिची जीभ धारदार आहे. ताई मागच्या हिवाळ्यात गेल्या. भावाशी त्या शेवटपर्यंत बोलल्या नाहीत. आजारपणात सर रोज येऊन बाहेरच्या पायरीवर बसायचे. आतून निरोप यायचा नाही.

आता दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी सरांना छातीच्या दवाखान्यात न्यावं लागतं, आणि ते भिंगरी करते. अर्धा दिवस रजा टाकते. दोघं बसस्टॉपपर्यंत चालत जातात. ती लंगडत, ते थांबत थांबत. परवा मीही सोबत होते. सर आत तपासणीला गेल्यावर मी धीर करून विचारलं, "तू त्यांना माफ केलंस का गं?"

"नाही," ती म्हणाली. जराही अडखळली नाही. "तुम्हालाही नाही, बाई. खूप वर्षं प्रयत्न केला, जमत नाही. पण त्यांना एकट्याला बसमध्ये चढता येत नाही, त्याचं काय करू?"

तेवढ्यात नर्सनं दार उघडून विचारलं, पेशंटबरोबर कोण आहे. भिंगरी खुर्चीचा हात धरून उठली, गुडघा जागेवर बसेपर्यंत क्षणभर थांबली आणि आत गेली.